गाण्याखाली त्याचं खरं साल लिहा : सोल गायकांच्या नाताळगीतांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क बाळगणाऱ्या रेकॉर्ड कंपन्या आणि ती गाणी जगभर ऐकवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवा यांचे कॅटलॉग सांभाळणारे सर्वजण

विषय : सोल संगीतातल्या नाताळगीतांची मूळ प्रकाशन-नोंद श्रोत्यांना दाखवण्याबाबत

सा. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चच्या भक्तिगीतांतून आलेलं संगीत) गाणाऱ्या डॉनी हॅथवेचं 'धिस ख्रिसमस' कानावर पडू लागतं. दुकानांत, रेडिओवर, मोबाइलवर, आणि आता तर ज्या घरांत नाताळ साजरा होत नाही तिथेही. हे गाणं १९७०च्या शरद ऋतूत शिकागोमध्ये, ऑन्टारियो स्ट्रीटवरच्या ऑडिओ फिनिशर्स या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. त्याच वर्षी नाताळाच्या तोंडावर अ‍ॅटको कंपनीने ते पंचेचाळीसच्या (मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या) छोट्या तबकडीवर बाजारात आणलं. पिवळ्या-पांढऱ्या लेबलाची ती तबकडी. एका बाजूला हे गाणं, दुसऱ्या बाजूला 'बी देअर'. गायक नुकताच पंचवीस वर्षांचा झाला होता.

आता हेच गाणं कोणत्याही अ‍ॅपवर शोधा. ते ढीगभर संकलनांत सापडतं, आणि बहुतेक ठिकाणी खाली जे साल दिसतं ते त्या संकलनाचं असतं. कुठे नव्वदचं दशक, कुठे दोन हजारनंतरचं, कुठे गेल्याच वर्षीचं. जो श्रोता पहिल्यांदा ऐकतोय त्याला हे गाणं केव्हाचं, कुठलं, सोबत कोण वाजवतंय, हे सहज कळायला मार्ग नाही. माझी विनंती या एका गोष्टीपुरती आहे. गाण्याचं मूळ साल, मूळ लेबल, गीतकार-संगीतकार आणि वादक यांची नावं गाण्यासोबत दाखवा. ही विनंती नाताळगीतांपासून का सुरू करतो आहे, ते सविस्तर सांगतो.

बाकीची गाणी बहुधा आपापल्या अल्बममध्ये राहतात. नाताळगीताला मात्र स्वतःचं घर क्वचितच लाभतं. बरीचशी सिंगल म्हणून, म्हणजे अशा छोट्या तबकडीवर, येतात, हंगाम संपला की मागे पडतात, आणि पुन्हा वर येतात ती कुठल्या तरी संकलनात, दहा-बारा परक्या गाण्यांच्या रांगेत. 'धिस ख्रिसमस'चंच पाहा. हॅथवेच्या हयातीत ते त्याच्या कुठल्याही एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवरच्या अल्बममध्ये, नव्हतं. बाजारात आलं तेव्हा फारसं गाजलंही नाही. १९७९च्या १३ जानेवारीला न्यूयॉर्कमध्ये हॅथवे गेला, अवघा तेहेतीस वर्षांचा. आपलं हे गाणं सणाचा भाग झालेलं त्याला बघायला मिळालं नाही. ते जिवंत ठेवलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय श्रोत्यांनी आणि गायकांनी. व्हिस्पर्स या गायकगटाने १९७९च्या आपल्या नाताळ अल्बममध्ये ते घेतलं, टेम्प्टेशन्स या गटाने १९८०मध्ये. पुढे 'सोल ख्रिसमस' या १९६८च्या गाजलेल्या संकलनाची १९९१मध्ये नवी आवृत्ती निघाली, तिच्यात हॅथवेचं मूळ ध्वनिमुद्रण घातलं गेलं आणि तिथून ते सगळीकडे पसरलं. म्हणजे १९६८च्या नावाच्या संकलनात, १९९१च्या आवृत्तीत, १९७०चं गाणं. नवख्या माणसाने याचा मेळ कसा लावायचा?

हॅथवेच्या मनात या गाण्याबद्दल काय होतं, हेही नोंदवायला हवं. हॉवर्ड विद्यापीठापासूनचा त्याचा दोस्त आणि ड्रमवादक रिक पॉवेल या ध्वनिमुद्रणात त्याच्यासोबत होता. त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं आहे की डॉनी त्या दिवशी खुशीत होता, आपल्याला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि नाताळाच्या संगीतात आपल्या समाजाचाही आवाज असावा ही त्याची इच्छा होती. गाण्याचे शब्द शिकागोच्याच नदीन मॅकिनर यांचे. तोवर त्यांच्या नावावर एकही गाजलेलं गाणं नव्हतं. गिटारवर फिल अपचर्च होता.

गाणं ऐकताना पहिले काही सेकंद नीट कान द्या. घुंगरांसारख्या घंटा आणि त्यांच्यावरून येणारी ब्रासची (ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारख्या पितळी वाद्यांची) ती चढती ओळ. चर्चच्या घंटा नाहीत, व्हायोलिनांचा गोडवा नाही. ही शिकागोच्या सोलची वाद्यं आहेत, आणि सण त्यांच्या तालावर येतो. मग हॅथवेचा आवाज येतो, सेंट लुईसमध्ये आजीच्या हाताखाली गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गात वाढलेला आवाज. बर्फाची वर्णनं नाहीत, येशूजन्माची कथाही नाही. घर सजवायचं, शेकोटी पेटवायची, जवळच्या माणसाला आणखी ओळखायचं, एवढंच. मध्ये वाद्यांचा तुकडा येतो आणि शेवटाकडे तो सगळ्यांना हात मिळवायला सांगतो, चर्चमध्ये प्रार्थनेनंतर सांगतात तसं. मी हे गाणं कितीही वेळा ऐकलं तरी त्या जागेला मन भरून येतं. १९७० सालचं शिकागो हे या गाण्याच्या अंगात आहे. तारखेचा चुकीचा शिक्का मारला की ते अंगच काढून घेतल्यासारखं होतं.

काही गाण्यांचा तर साल कळल्याशिवाय अर्थच लागत नाही. सोल गायक मार्विन गेचं 'आय वाँट टू कम होम फॉर ख्रिसमस' घ्या. फॉरेस्ट हेअरस्टनसोबत लिहिलेलं हे गाणं १९७२मध्ये ध्वनिमुद्रित झालं. गाणारा माणूस युद्धकैदी आहे; व्हिएतनाममध्ये अडकलेला, घरच्या नाताळाची आस लागलेला. तेव्हा अमेरिकेत शेकडो कुटुंबं आपल्या माणसांची वाट पाहत होती. पॅरिसचा करार व्हायला, कैदी सुटायला १९७३ उजाडलं. म्हणजे हे गाणं त्या वाट पाहण्याच्या ऐन काळातलं. त्याच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ते तेव्हा प्रकाशित केलं नाही. १९८४मध्ये गे गेला, आणि गाणं लोकांपर्यंत आलं १९९०मध्ये, त्याच्या गाण्यांच्या चार सीडींच्या संचात. त्याच्याखाली नुसतं '१९९०' लिहिलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल की प्रवासातला कुणी नोकरदार घरची आठवण काढतोय. '१९७२' वाचलं की पाठीचा कणा थरारतो. इथे दोन्ही सालं हवीत, ध्वनिमुद्रणाचं आणि प्रकाशनाचंही. मधली अठरा वर्षं हासुद्धा या गाण्याच्या गोष्टीचा भाग आहे.

सोल गायक ओटिस रेडिंगचंही असंच. १० डिसेंबर १९६७ला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ, मोनोना तलावात त्याचं विमान कोसळलं. वय सव्वीस. 'मेरी ख्रिसमस बेबी' आणि 'व्हाइट ख्रिसमस' ही त्याची दोन्ही गाणी सिंगल म्हणून आली ती त्यानंतर, १९६८च्या नाताळाला. हे ठाऊक नसताना 'मेरी ख्रिसमस बेबी' ऐकलं तर ते मजेत गायलेलं, मेम्फिसच्या ब्रासवर डोलणारं गाणं आहे. ठाऊक असेल तरीही ते मजेतलंच राहतं, आणि म्हणूनच काळजाला घर करतं. त्याच्या आधी आलेल्या 'व्हाइट ख्रिसमस'च्या कितीतरी आवृत्त्या संथ, सुरेल आहेत. रेडिंग तेच गाणं असं गातो की बर्फाचं स्वप्न हे दक्षिणेतल्या जॉर्जियाच्या माणसाचं दूरचं, दुखरं मागणं होऊन जातं.

या दोन गाण्यांसोबत 'सोल ख्रिसमस'च्या मूळ १९६८च्या एलपीवर आणखी कोण होतं, तेही पाहण्यासारखं आहे. कार्ला थॉमसचं 'जी व्हिझ, इट्स ख्रिसमस' हे १९६३चं. विल्यम बेलचं 'एव्हरी डे विल बी लाइक अ हॉलिडे' हे १९६७चं, बुकर टी. जोन्ससोबत लिहिलेलं. क्लॅरन्स कार्टर, सोलोमन बर्क, जो टेक्स, किंग कर्टिस हेही होते. थॉमस, बेल, रेडिंग ही मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीची माणसं. मग त्यांची गाणी अटलांटिक या दुसऱ्या कंपनीच्या घरच्या अ‍ॅटको लेबलावर कशी? कारण स्टॅक्सने १९६५मध्ये अटलांटिकशी जो वितरणाचा करार केला, त्यात ध्वनिमुद्रणांची मालकीच अटलांटिककडे गेली होती. १९६८मध्ये दोघांचं फाटलं तेव्हा स्टॅक्सच्या हाती आपल्याच जुन्या मास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाच्या) टेपा उरल्या नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही गाणी अ‍ॅटकोच्या संकलनात दिसतात. संकलनाच्या यादीकडे नुसतं पाहिलं तर ती सणाची गाणी वाटतात. मूळ लेबलं शेजारी लिहिली की एका छोट्या कंपनीचं काय गेलं तेही दिसू लागतं.

सोल गायक जेम्स ब्राउनच्या नाताळगीतांची वाताहत तर सगळ्यांत जास्त झाली आहे. सिनसिनाटीच्या किंग रेकॉर्ड्सवर त्याने तीन नाताळ एलपी काढल्या : १९६६, १९६८ आणि १९७०मध्ये. तिन्हींचा स्वभाव वेगळा. मधली 'अ सोलफुल ख्रिसमस' बघा. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली होती. त्या वर्षाच्या अखेरीस आलेल्या या एलपीवर 'सांता क्लॉज, गो स्ट्रेट टू द घेटो' आहे. त्यात ब्राउन सांताला थेट गरीब वस्तीत जायला सांगतो, आणि कुणी विचारलं तर जेम्स ब्राउनने पाठवलंय असं सांग, म्हणतो. आणि याच एलपीवर 'से इट लाउड, आय अ‍ॅम ब्लॅक अँड आय अ‍ॅम प्राउड' हेही आहे. नाताळाच्या तबकडीवर आत्मसन्मानाची घोषणा! तेव्हाच्या घरांत ती तबकडी लागली असेल तेव्हा सण आणि चळवळ एकाच खोलीत वाजले असतील. नंतरच्या संकलनांनी काय केलं? 'नाताळाचं' तेवढं वेचून घेतलं आणि बाकीचं टाकलं. सांताचं गाणं गमतीचं होऊन बसलं. २०१०मध्ये त्याची नाताळगीतं दोन सीडींत एकत्र आली, तेव्हा कुठे त्यांचा क्रम पुन्हा डोळ्यांसमोर आला. म्हणजे मनात आणलं तर हे करता येतं, आणि तुमच्यातल्याच काहींनी ते चांगलं करून दाखवलं आहे.

आणखी एक घोळ आहे तो पुन्हा गाऊन नव्याने ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांचा. चार्ल्स ब्राउन याचं ठळक उदाहरण. तो ब्लूजचा, म्हणजे सोलच्या आधीच्या कृष्णवर्णीय गायकीचा, माणूस, पण पुढच्या सोल गायकांनी त्याच्याकडून पुष्कळ घेतलं. रेडिंगने गायलेलं 'मेरी ख्रिसमस बेबी' मुळात जॉनी मूर्स थ्री ब्लेझर्स या वादकगटाच्या १९४७च्या ध्वनिमुद्रिकेवर चार्ल्स ब्राउनने गायलेलं. ब्राउनने ते नंतरच्या आयुष्यात निरनिराळ्या कंपन्यांसाठी पुन्हा पुन्हा गायलं. प्रत्येक आवृत्तीची आपली गंमत आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती सगळी एकाच नावाने, एकाच गायकाखाली, सालाशिवाय उभी केली तर तरुण ब्राउन कुठला आणि म्हातारा कुठला हे कसं ओळखायचं? तोच चेहरा, तेच शीर्षक, आणि ऐकणारा समजतो की आपण १९४७ ऐकतोय. अशा ठिकाणी 'नंतर पुन्हा गायलेलं' एवढे शब्द तरी हवेतच.

आम्हा मराठी श्रोत्यांना हा आग्रह नवा नाही. तबकड्यांच्या सुरुवातीच्या काळात गायक गाणं संपताना स्वतःचं नाव उच्चारत. गौहरजानचं 'माय नेम इज गौहरजान' आजही लोकांना पाठ आहे. नाट्यसंगीताचे दर्दी एकाच पदाच्या दोन ध्वनिमुद्रिकांमधला फरक तासन्‌तास बोलू शकतात. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी लेबलं, क्रमांक आणि सालं जुळवत बसली आहेत, बहुतेक स्वतःच्या खिशाला खार लावून. हौशी माणसांना जे जमतं ते मालकी असणाऱ्यांना का जमू नये?

आता पैशाचं बोलतो, कारण ही नुसती हौसेची बाब नाही. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षण नव्हतं. आजकाल बहुतेक अल्बमवर गोलातला 'पी' (ध्वनिमुद्रणाच्या हक्काची खूण) आणि साल असतं. 'धिस ख्रिसमस'च्या मूळ तबकडीच्या वेळी अमेरिकेत तो रिवाजच नव्हता. २०१८च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्याने ही जुनी गाणी छत्राखाली घेतली, आणि संरक्षणाची मुदत पहिल्या प्रकाशनाच्या सालावर बांधली. १९४७ ते १९५६ दरम्यान प्रकाशित झालेल्यांना ११० वर्षं, तर १९५७पासून १९७२च्या त्या तारखेआधीच्यांना १५ फेब्रुवारी २०६७पर्यंत. म्हणजे मूळ साल तुमच्या कायदेविभागाला लागतंच. ते कागदोपत्री असूनही श्रोत्यापुढे मात्र येत नाही.

त्याच कायद्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. इंटरनेट रेडिओ आणि उपग्रह रेडिओवर वाजणाऱ्या या जुन्या ध्वनिमुद्रणांसाठीही मानधन ठरलं. त्यातला निम्मा वाटा हक्कधारकाला, पंचेचाळीस टक्के मुख्य कलाकाराला आणि पाच टक्के साथीच्या वादकांना आणि गायकांना जातो. हे पाच टक्के कुणाला द्यायचे? ज्याचं नाव नोंदीत आहे त्याला. पंचेचाळीसच्या लेबलावर गाणं, गायक, लिहिणारे आणि निर्माते यांच्यापुढे जागाच नसे. ट्रोम्बोनवाल्याचं, बॅरिटोन सॅक्सवाल्याचं नाव कुठून छापणार? पण स्टुडिओच्या नोंदवह्या होत्या, वादकांच्या संघटनेकडे भरलेले करारनामे होते. ज्यांच्या फुंकरीवर अख्खा डिसेंबर उभा आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, कित्येक गेली आहेत. त्यांच्या वारसांना नाव सापडणं म्हणजे पैसे सापडणं आहे.

'माहितीच नाही' असं काही गाण्यांबाबत खरंच असेल. १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँचच्या गोदामाला आग लागली आणि अटलांटिकच्या हजारो टेपा जळाल्या, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर उरलेल्या कागदांची किंमत वाढते. शिवाय पुष्कळशी माहिती लेबलांवरच छापलेली आहे, संग्राहकांनी तिची छायाचित्रं काढून ठेवली आहेत. कुणा निवृत्त ध्वनिमुद्रकाला, कुणा वादकाला फोन करून विचारायला अजून वेळ आहे, पण तो फार नाही.

तांत्रिक अडचणही मी समजू शकतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला जो आयएसआरसी क्रमांक देतात त्यातले सालाचे दोन अंक हे क्रमांक दिल्याच्या वर्षाचे असतात, ध्वनिमुद्रणाचे नव्हेत. आणि ही पद्धतच १९८६ची. त्यामुळे यंत्राने त्या क्रमांकावरून साल काढलं तर ते चुकणारच. उपाय मात्र साधा आहे. अल्बमच्या तारखेचा एक रकाना आहे, त्याच्या शेजारी मूळ ध्वनिमुद्रणाच्या सालाचा आणि पहिल्या प्रकाशनाच्या सालाचा असे दोन रकाने करा, ते माणसाकडून भरून घ्या आणि गाणं वाजताना पडद्यावर दाखवा. अल्बमचं मुखपृष्ठ दाखवायला जागा आहे, गाण्याचे शब्द ओळीओळीने पळवायला जागा आहे, तर चार आकडी सालाला आणि पाच-सहा नावांना ती मिळू शकते.

सिंगलची दुसरी बाजूही सोडू नका. 'धिस ख्रिसमस' कोट्यवधी लोक ऐकतात. त्याच तबकडीवर पाठीला पाठ लावून असलेलं 'बी देअर' किती जणांनी ऐकलं असेल? मूळ जोडी जशी होती तशी, मूळ लेबलाच्या चित्रासह, एक छोटं प्रकाशन म्हणून उपलब्ध करून द्या. जेम्स ब्राउनच्या तिन्ही एलपी मूळ क्रमाने, 'से इट लाउड' न वगळता ठेवा. मार्विन गेच्या गाण्याखाली युद्धकैद्यांबद्दल दोन ओळी लिहा.

सगळं एका वर्षात होणार नाही, हे मान्य. मग सुरुवात एका गाण्यापासून करा. येत्या नाताळाआधी 'धिस ख्रिसमस' तुमच्याकडे जिथे जिथे आहे तिथे तिथे त्याच्याखाली एवढं लिहा : ध्वनिमुद्रण १९७०, ऑडिओ फिनिशर्स, शिकागो, पहिलं प्रकाशन १९७०, अ‍ॅटको, गीत-संगीत नदीन मॅकिनर आणि डॉनी हॅथवे. आणि त्या दिवशी स्टुडिओत जे जे वाजवत होते त्या प्रत्येकाचं नाव शोधून काढा. ते काम कोणाकडे दिलं आहे आणि कुठवर आलं आहे, हे जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मराठी श्रोता